तूप कढईत नको, ताटात वाढा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगलीच्या एका ताईंनी लिहिलंय. वय ४९. घरात यजमान, ७६ वर्षांच्या सासूबाई आणि २३ वर्षांचा मुलगा. मुलगा दोन वर्षं बेंगळुरूला नोकरीला होता, आता घरूनच काम करतो. घर पहिल्यापासून शाकाहारी, पण मुलगा परत आला तो 'व्हीगन' होऊन. दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, मध, काहीच चालत नाही. सासूबाई अजूनही स्वतः विरजण लावतात, रवीनं ताक करतात. 'दूध टाकलं म्हणजे आईलाच टाकलं की रे,' असं त्या एकदा नातवाला म्हणाल्या आणि तेव्हापासून आजी-नातवाचं बोलणं जेवढ्यास तेवढं. यजमानांची साखर काठावर आलीय. डॉक्टरांनी गोळी न देता सहा महिने आहार सांभाळायला सांगितलाय. ताईंना स्वतःला थायरॉइडची गोळी चालू आहे. त्या रोज दोन स्वयंपाक करतात. लिटरला तीनशे रुपयांचं बदामाचं दूध, टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर, किन्वा नावाचं परदेशी धान्य आणून महिन्याचं गणित कोलमडलंय. त्यांचं स्वतःचं दुपारचं जेवण तीन वाजता, ओट्याशी उभ्यानं होतं. 'मुलाच्या अंगाला प्रोटीन कुठून लागणार या काळजीनं झोप उडाली आहे. दूधदुभत्याशिवायच्या सोप्या, पौष्टिक अशा वीस-पंचवीस रेसिपी सांगा, म्हणजे सगळं सुरळीत होईल,' असं त्यांचं मागणं आहे.

ताई,

पंचवीस रेसिपी मी पाठवणार नाही. त्यातल्या निम्म्याहून अधिक तुम्हाला माझ्यापेक्षा चांगल्या येतात.

पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही एका सोमवारचा स्वयंपाक लिहिलाय. घरच्यांसाठी ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी, शेंगांची चटणी आणि ताक. मुलासाठी वेगळी किन्वाची खिचडी आणि टोफू परतून. आता पहिली यादी परत वाचा. ताक सोडलं तर त्यात दूध कुठं आहे? भाकरी त्याला चालते, उसळ चालते, मेथी चालते, चटणी तर चालतेच चालते. तरी त्याच्यासाठी तुम्ही दुसरी कढई चढवलीत. पोरानं 'व्हीगन' शब्द उच्चारला आणि तुमच्या डोळ्यांसमोर मॉलमधला महागड्या डब्यांचा फडताळ आला, असं काहीसं झालंय. शब्द परका आहे हे खरं. १९४४ मध्ये इंग्लंडात काही मंडळींनी तो घडवला. पण जेवण परकं नाही. आपल्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही म्हणून परसातल्या भाज्या, अळू, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, ओल्या शेंगा असं एकत्र शिजवतात. जनावराला त्रास देऊन पिकवलेलं आज नको, ही कल्पना तुमच्या सासूबाईंना मुलाच्या आधी पन्नास वर्षं ठाऊक आहे. यावर पुढं येतेच.

आधी तुमच्यासमोर काय काय वाटा आहेत ते पाहू, कारण तुम्ही एकच धरून बसलाय. दोन स्वयंपाक करायचे, ही ती वाट. ती किती दिवस चालते? तुम्ही आजारी पडेपर्यंत. दुसरी वाट म्हणजे सगळ्या घरानं दूध सोडायचं. ती मला साफ नामंजूर. ७६ वर्षांच्या बाईचं दही-भात, रात्रीचं कपभर दूध काढून घेणं म्हणजे त्या वयात सहज पचणारं प्रोटीन आणि कॅल्शियम काढून घेणं, आणि वर त्यांच्या हातची रवी काढून घेणं. तिसरी, 'तुझं तू बघ' म्हणून मुलाला मोकळं सोडायचं. त्यात तथ्य आहे, पण एका घरात दोन चुली मांडून माणसं जवळ येत नाहीत.

मला पटते ती चौथी. स्वयंपाक एकच करायचा, आणि तो दूधदुभत्याशिवाय करायचा. दूध, दही, तूप, लोणी यांना कढईत प्रवेश नाही; ती सगळी ताटावर, वाटीतून, ज्याला हवी त्यानं घ्यायची. वरण साधं शिजतं, तूप वरून पडतं. थालीपीठ तेलावर भाजतं, लोण्याचा गोळा सासूबाईंच्या ताटात. कोशिंबिरीला दाण्याचं कूट, लिंबू आणि मीठ लावून ठेवायचं. यजमानांना दही हवं असेल तर ते वाटीत कालवून घेतील. तुमच्याच स्वयंपाकघरात आठ दिवस नजर ठेवून बघा, दूध नेमकं कुठं कुठं शिजताना पडतं. माझा अंदाज सांगते: तुपाची फोडणी, ताकातला पालक, कढी, पोळीच्या कणकेत कधीमधी दूध, आणि भाजीत 'चव येते म्हणून' साय. बस. फोडणी तेलाची करा. पालकाला ताकाऐवजी चुका किंवा चिंच. साय मुळात यजमानांच्या तब्येतीलाही नको होती. राहिली कढी. ती आठवड्यातून एकदा सासूबाईंसाठी कराच, आणि त्या दिवशी बाकीच्यांना कोकमाचं नाहीतर टोमॅटोचं सार. सोलकढीही चालेल, मुलाला आवडेल. पण नारळाचं दूध वनस्पतीचं असलं तरी स्निग्धांश त्यात भरपूर असतो, तेव्हा यजमानांनी ती वाटीभरच प्यावी, तांब्याभर नाही.

तरी रेसिपी मागितल्यात आणि मी एकही दिली नाही तर तुम्ही म्हणाल बाई नुसतीच बोलते. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. आमच्याकडे भाजी आणायला कुणाला वेळ नसला की झिरकं व्हायचं. पाऊण वाटी शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे, सालं पाखडत बसायचं नाही. त्यात पाच-सहा लसणाच्या पाकळ्या, चमचाभर जिरं, कोथिंबिरीच्या काड्या आणि तिखट घालून थोड्या पाण्यावर वाटायचं. तिखट म्हणजे तुमच्या घरची कांदा-लसूण चटणीच घ्या, दीड चमचा. आमच्याकडे हिरव्या मिरच्या असतात, पण तुमच्या चटणीनं ते अधिक चांगलं होईल असा मला संशय आहे. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, हळद, त्यावर हे वाटण. आता इथं घाई नको. वाटण कडेनं तेल सोडू लागलं, वास बदलला, की तीन-चार वाट्या कढत पाणी ओतायचं आणि मीठ. उकळी येताना कढईजवळून हलायचं नाही. दाण्याचा रस दुधासारखा भसकन ऊतू जातो आणि मग गॅस पुसत बसावं लागतं. सहा-सात मिनिटं उकळलं की झालं. भाकरी कुस्करून खा, भातावर घ्या. वीस मिनिटांत चार माणसांचं कालवण, आणि बाजारातून काही आणायचं नाही.

तुमच्या भागातलं गरगटं तर मी काय सांगू. तरी शहरातल्या वाचकांसाठी लिहिते: अर्धी वाटी तूरडाळ, मूठभर हरभराडाळ, मूठभर शेंगदाणे आणि पालक-चुक्याची एकेक जुडी कुकरला लावायची. शिट्ट्या झाल्या की घोटायचं, चमचाभर ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून लावायचं, आणि वरून लसूण-लाल मिरचीची चरचरीत फोडणी. घोटायला सासूबाईंची ताकाची रवी घेऊ नका. आधीच वातावरण तापलेलं आहे.

न्याहारीला मुगाचं धिरडं. वाटीभर हिरवे मूग आणि मूठभर तांदूळ रात्री भिजत घालायचे, सकाळी आलं-मिरची-जिऱ्यासकट वाटायचे. आंबवायची भानगड नाही. तवा तापला की पाण्याचा हबका मारून पुसायचा, पीठ पसरायचं, झाकण ठेवायचं. कडा सुटल्या की उलथायचं. पहिलं धिरडं फाटतंच, ते उभ्याउभ्या खाऊन टाकायचं. हे सोडून बाकी काहीही उभ्यानं खायचं नाही, ताई, हे तुम्हाला सांगून ठेवते. नाचणीची आंबीलही त्यातलीच. दोन चमचे नाचणीचं पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात ओतून शिजवायचं, जिरं-मीठ-ठेचलेला लसूण घालायचा. ताक हवं त्यानं आपल्या पेल्यात घालावं.

आता प्रोटीन, ज्यानं तुमची झोप उडवलीय. मुलाचं वजन ६२ किलो लिहिलंय. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरेसं धरलंय. धान्य-डाळींतलं प्रोटीन पचायला थोडं उणं असतं, म्हणून मी सरळ किलोमागे १ ग्रॅम धरते. म्हणजे दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास. हे कुठून येतं ते वजनकाट्यावर बघा. सकाळच्या धिरड्यांत त्याच्या वाटचे ५० ग्रॅम मूग गेले तर १२ ग्रॅम. दिवसभरात चटणी, कूट, झिरकं मिळून ३० ग्रॅम शेंगदाणे, ७ ग्रॅम. दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी म्हणजे १२० ग्रॅम पीठ, १२ ग्रॅम. ४० ग्रॅम मटकीची उसळ, ९. संध्याकाळी मूठभर फुटाणे, ६. रात्री ७५ ग्रॅम तांदळाचा भात आणि ३० ग्रॅम तुरीचं वरण, दोन्ही मिळून १२. करा बेरीज. अठ्ठावन्न झाले, आणि यात टोफूचा तुकडाही नाही. मुलगा व्यायामशाळेत वजनं उचलत असेल तर आणखी लागेल, मग आठवड्यातून दोनदा सोयाबीनच्या वड्या किंवा टोफू आणा. मी टोफूच्या विरुद्ध नाही. पनीरसारखी त्याची बुर्जी उत्तम होते. पण तो मिळाला नाही म्हणून कुणी अशक्त होत नाही.

डाळ आणि धान्य एकत्र का, हे मुलाला सांगून टाका, त्याला असली माहिती आवडेल. लायसिन नावाचा एक प्रोटीनचा घटक ज्वारी-तांदळात कमी आणि डाळींत भरपूर असतो. डाळींत जो कमी असतो तो धान्य भरून काढतं. वरण-भात कुण्या शास्त्रज्ञानं शोधला नाही, पण शास्त्रज्ञानं शोधला असता तर असाच शोधला असता. एकाच घासात दोन्ही हवेत असंही नाही, दिवसभरात गेले की झालं.

आणि ते बदामाचं दूध. डब्यामागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक अशा डब्यांत पाणीच जास्त असतं, पेलाभर प्यायलं तरी प्रोटीन जेमतेम ग्रॅमभर. तेवढ्याच सोया दुधात सहा-सात ग्रॅम असतं. तीनशे रुपयांना पांढरं पाणी घेण्यापेक्षा त्याच पैशांत शेंगदाणे किती येतील बघा.

इथं मला तुमचं एक गृहीतक जरा हलवायचंय. पत्रात तुम्ही 'वनस्पतीजन्य आणि पौष्टिक' हे शब्द असे जोडून लिहिलेत, जणू एकच शब्द आहे. तसं नाही हो. बटाटेवडा वनस्पतीजन्य आहे. फरसाण, शेव, तेलावरची साबुदाण्याची खिचडी, साखरेचं सरबत, सगळं वनस्पतीजन्यच. पाकिटांवर हल्ली हिरव्या 'व्ही'चं व्हीगन चिन्ह येतं, अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२२ मध्ये त्याचे नियम केले. त्या चिन्हाचा अर्थ आत प्राण्यापासूनचं काही नाही, इतकाच. मैदा आणि पामतेल असू शकतं. तुमच्या यजमानांच्या दृष्टीनं दूध आहे की नाही हा प्रश्नच नाही. भात किती, साबुदाणा किती, संध्याकाळच्या चहाबरोबर बिस्किटं किती, हा प्रश्न आहे. त्यांना ताटात अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीला द्या, उसळ भरपूर, भाकरी मोजून. उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा आणि दाण्याची आमटी, भगर घेतली तरी थोडीच. मुलाच्या हट्टापायी घरात उसळी वाढल्या तर त्याचा सर्वांत मोठा फायदा त्याच्या वडिलांना होणार आहे, हे मात्र खरं.

आता जिथं मी अजिबात लवचीक नाही ती गोष्ट. बी-१२ जीवनसत्त्व. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत दूध, अंडी, मांस-मासे यांतून पोचतं. भाज्या, डाळी, धान्यं यांतून भरवशानं मिळत नाही. इडलीचं पीठ आंबवलं म्हणून मिळत नाही, स्पिरुलिना नावाचं शेवाळ खाल्लं म्हणून मिळत नाही, समाजमाध्यमांवर कुणी काहीही सांगो. यकृतात साठा असतो, त्यामुळं पहिली काही वर्षं माणूस 'बघा, मला काही झालं नाही' म्हणत हिंडतो. मग पायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा असं सुरू होतं, आणि नसांना झालेली इजा कधीकधी पूर्ण भरूनही येत नाही. मुलाची रक्ततपासणी करून घ्या, आणि डॉक्टर सांगतील त्या मात्रेत गोळी कायमची. औषध म्हणून नाही, मीठ घालतो तशी. 'नैसर्गिक' खाणाऱ्याला गोळी घ्यायला कमीपणा वाटतो. माझ्या ओळखीत असा एक जण होता, त्याची समजूत घालता घालता वर्ष गेलं. आणि जाता जाता, दूध पिणाऱ्या शाकाहारी घरांतही बी-१२ कमी निघणं आपल्याकडे नवल नाही. त्याचं रक्त काढायला जाल तेव्हा तुम्हीही हात पुढं करा.

कॅल्शियम त्या मानानं आपल्या हातातलं आहे. प्रौढाला दिवसाला १००० मिलिग्रॅम. पेलाभर दुधात सव्वादोनशे-अडीचशे मिळतं, आणि नाचणीच्या एका बऱ्यापैकी भाकरीत दोनशेच्या आसपास. तीळ, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची पालेभाजी हे दुसरे आधार. शेवग्याचा पाला तर सांगलीत कुणाच्याही परसात फुकट मिळेल. लसणावर परतून वर दाण्याचं कूट, एवढंच. पालकावर मात्र कॅल्शियमसाठी विसंबू नका, त्यातल्या ऑक्झॅलेट नावाच्या घटकामुळं ते अंगी फारसं लागत नाही. लोहाचंही एक साधं: उसळीवर लिंबू पिळा, मोड आणा, आणि जेवणावर लगेच चहा नको. चहा लोह अडवतो. सांगलीत हे ऐकणारा माणूस मला अजून भेटायचाय, तरी लिहिलं.

तुमच्या थायरॉइडच्या गोळीबद्दल. मुलाच्या नादानं सोया दूध घरात आलं तर ते गोळीच्या जवळपास तुम्ही घेऊ नका. सोया, कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या थायरॉक्सिन, म्हणजे तुमच्या गोळीतलं औषध, शोषू देत नाहीत. गोळी सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर, बाकीच्यांत चार तासांचं अंतर. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, विशेषतः खाण्यात मोठा बदल करणार असाल तर.

इथवर स्वयंपाकाचं झालं. पण मला वाटतं, तुमची दमणूक रेसिपी कमी पडल्यामुळं नाहीच. पत्रभर मी एक गोष्ट शोधत होते आणि ती सापडली नाही: हा निर्णय ज्यानं घेतला तो मुलगा स्वयंपाकघरात कुठं उभा आहे? तत्त्व त्याचं, आणि मटकी तुम्ही भिजवायची? तेवीस वर्षांचा माणूस गायीच्या वासराचा विचार करतो, चांगलंच आहे, मनाचा हळवा आहे. मग तीन वाजता ओट्याशी उभ्यानं जेवणाऱ्या बाईचाही त्यानं विचार करायला हवा. हे त्याला टोमणा म्हणून सांगू नका, काम म्हणून सांगा. रोज रात्री कडधान्य भिजवणं, उपसून फडक्यात बांधणं त्याचं. रविवारची न्याहारी त्याची. त्याला धिरड्यांपासून सुरुवात करू द्या. पीठ वाटून झाल्यावर मिक्सर तोच धुईल, हेही आधीच ठरवा, नाहीतर पुरुषमाणसाचा स्वयंपाक म्हणजे मागं दुप्पट भांडी. पुण्याहून एका सुनेचं असंच पत्र आलं होतं, तिकडे व्हीगन ती स्वतः आणि ओटा सासूचा. तिलाही मी हेच कळवलं होतं. वेगळं खायचं असेल त्यानं आधी घराच्या भाकरीला हात लावावा, मग मत मांडावं.

राहिल्या सासूबाई. 'दूध टाकलं म्हणजे आईलाच टाकलं' हे वाक्य तुम्ही हट्टीपणा म्हणून लिहिलंय. मला तसं ऐकू आलं नाही. जिनं आयुष्यभर विरजणाचा वाडगा गार पडू नये म्हणून थंडीत फडक्यात गुंडाळून ठेवला, लोण्याचा पहिला गोळा नातवाच्या हातावर ठेवला, तिला आता तो हात मागं घेतला जातोय असं दिसतंय. तिला गायीच्या दुधाचं अर्थशास्त्र पटवून काय उपयोग? आणि मुलानं तिला डेअरीतले व्हिडिओ तर मुळीच दाखवू नयेत. दाखवले असतील तर माफी मागावी.

त्यानं त्यांच्याजवळ काहीतरी मागावं. दुधाशिवायचं. तुमच्याच भागातलं हुलग्याचं माडगं आहे ना, ते. मी ते आयुष्यात एकदाच खाल्लंय, पावसाळ्यात, मिरजेत एका लग्नाघरी पहाटे. भाजलेल्या हुलग्याच्या पिठाचं, गुळाचं, सुंठ घातलेलं, वाडग्याला हात शेकत प्यायचं. घरी तीनदा करून बघितलं, दोनदा गुठळ्या झाल्या आणि एकदा नुसताच पिठाचा वास. म्हणजे पुस्तकातून येणारी गोष्ट नाही ती. हुलगे किती भाजायचे, पीठ पाण्यात कधी सोडायचं, हे हाताला ठाऊक असतं, आणि तो हात तुमच्या घरात बसून आहे. मुलानं जाऊन म्हणावं, आजी, मला हे शिकव. त्या लगेच विरघळतील अशी मी हमी देत नाही. पहिल्या दिवशी 'आता आजी आठवली होय' हे ऐकावंच लागेल. ऐकावं. ऋषिपंचमीची भाजीही त्यांनाच विचारावी, आणि तिच्यामागची बैलाची गोष्टही त्यांच्याच तोंडून.

त्याला ताकाची फारच आठवण येत असेल तर एक उद्योग सांगते. वाटीभर शेंगदाणे रात्रभर भिजवून, तीन वाट्या पाण्यात वाटून, गाळून, ते दूध चांगलं उकळायचं आणि कोमट झाल्यावर त्यात हिरव्या मिरचीचे धुतलेले देठ बुडवून उबेला ठेवायचं. दही लागतं. पहिलं पातळ आणि उग्र होतं, त्याचाच चमचा घेऊन लावलेलं दुसरं बरं होतं. भलता रंग किंवा वास आला तर टाकून द्यायचं, चाखून बघायचं नाही. चव? खरं सांगायचं तर दह्याची आठवण करून देणारी, दही नव्हे. पण मठ्ठ्याला आलं-मिरची-कोथिंबीर भरपूर ठेचून घातली की दुपारच्या उन्हात भागतं. विरजण न लागता मिरचीच्या देठानं दही कसं लागतं हे बघायला सासूबाई येऊन डोकावतील, असा माझा होरा आहे.

शेवटी चहा, कारण तुम्ही ताजा कलम म्हणून विचारलंय, की सोया दूध चहात घातलं की फाटतं. ते उकळत्या चहात ओतू नका. चहा गाळून घ्या, मिनिटभर थांबा, दूध वेगळं कोमट करून कपात आधी घाला आणि चहा त्यावर ओता. आलं कमी. तरीही कधी फाटेलच. त्यापेक्षा गवती चहा आणि थोडा गूळ घातलेला कोरा चहा मुलाला पाजून बघा, आणि तो त्याचा त्यालाच करू द्या. तोवर तुम्ही तुमचा दुधाचा कप घेऊन खुर्चीवर बसा.